मुलीबद्दल विचारायला आलेली माणसं

दाराआडून ती म्हणाली, "आई, मी गोळ्या घेतल्या."

मी म्हटलं, "बरं."

दुपारचे बारा वाजले असतील. मी तिच्या खोलीसमोर फरशीवर बसून अंबाडीची भाजी निवडत होते. दाराला आतून कडी होती. ती माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा छत्तीस वर्षांची. मरायची भाषा ती सोळाव्या वर्षापासून करत होती, आणि आता उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं. उत्तर दिलं की भांडण वाढतं, नाही दिलं की ती दमून झोपते, असा माझा अनुभव. म्हणून मी पानं खुडत राहिले. थोड्या वेळानं ती परत काही बोलली. मला नीट ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. मग आतून आवाज यायचा थांबला. झोपली असेल असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

भाजी निवडून झाली, धुऊन झाली, गॅसवर शिजली. तेवढ्यात तिचे बाबा रेशनच्या दुकानातून आले.

"पोरगी कुठं आहे?"

"आत. गोळ्या घेतल्या म्हणते."

"कधी?"

"मघाशी."

त्यांनी हातातली थैली तिथंच सोडली. दार वाजवलं, हाका मारल्या, मग स्वयंपाकघरातून वरवंटा आणून कडीच्या जागी मारायला लागले. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, छातीत एकदा दुखून गेलेलं. मी म्हटलं, "शेजारच्याले बोलवा ना जी." ते म्हणाले, "तू सरक." चार-पाच घावांत कडी निघाली. ती पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत पडली होती. श्वास चालू होता, हाक पोचत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की किती वेळ झाला. मी म्हटलं, दहा-पंधरा मिनिटं. तिचे बाबा माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, "नाही साहेब. पाऊण तास झाला असंल. भाजी शिजून झाली होती."

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी मला एकच विचारलं. "काहून वं, डॉक्टरलेही तेच?"

तेच म्हणजे काय, ते सांगायला मागे जावं लागेल.

आम्ही मूळचे कामठीचे. तिचे बाबा पॉवरलूमवर होते आणि मी घरी बसून कांड्या भरायचे. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. एका हातानं चरखा फिरवायचा, दुसऱ्या हातानं धागा धरायचा. मधेच उठलं की धागा तुटतो आणि कांडी वाया जाते. त्यामुळे पोर पडलं, रडलं, तरी बसल्या जागेवरूनच सांगायचं, "काही नाही झालं तुले, ऊठ." गल्लीतल्या सगळ्या बाया हेच सांगायच्या आणि सगळ्यांची पोरं उठायची. माझी उठत नसे. ती पडून राहायची आणि रडणं वाढवायची. मीही माझा आवाज वाढवायचे.

लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली मुलगी. लाडानं बिघडली असं लोक म्हणायचे. मी लाड केले नाहीत. तिच्या बाबांनी केले असतील.

तिसरीत तिच्या बाईंची बदली झाली. ही दोन दिवस जेवली नाही आणि शाळेतून निघून बसस्टँडवर जाऊन उभी राहिली, बाई परत येतील म्हणून. तिचे बाबा तिला खांद्यावर घेऊन आले. मी म्हटलं, एक बाई गेली तर दुसरी येईल, काही नाही झालं तुले. पुढे मैत्रिणींचं तसंच. महिनाभर एखादीला डोक्यावर घेऊन नाचायची. मग त्या मुलीनं एक दिवस दुसरीबरोबर डबा खाल्ला की ती हिची वैरीण. सकाळी माझ्या गळ्यात पडून "तुझ्यासारखी आई नाही" म्हणायची आणि संध्याकाळी माझं तोंड पाहायचं नाही म्हणायची. दोन्ही वेळेला तिला ते खरंच वाटत असे, हे मला आता कळतं. तेव्हा मला ती सोंग करते असं वाटायचं.

दहावीत असताना तिच्या दंडावर ब्लेडच्या रेघा दिसल्या. मी तिला काही विचारलं नाही. लांब बाह्यांचे चार कुर्ते शिवून दिले.

सव्विसाव्या वर्षी तिला बघायला पाहुणे आले. मुलाची मावशी बोलकी होती. सगळं घर पाहून झाल्यावर तिनं विचारलं, "पोरगी रागीट तं नाही ना बाई?"

मी म्हटलं, "नाही जी. लय शांत आहे. तिच्या तोंडातून शब्द निघत नाही."

तिचे बाबा खाली फरशीकडे पाहत होते. जाताना मावशीनं गल्लीतही चार घरी विचारलं. त्या चारही घरांना आमच्या घरातली भांडणं रोज ऐकू जात होती. चौघींनीही शांत आहे म्हणूनच सांगितलं. आमच्याकडे याला कोणी खोटं मानत नाही. मुलीबद्दल विचारायला कोणी आलं की चांगलंच सांगायचं असतं. मीही गल्लीतल्या कितीतरी मुलींबद्दल असंच सांगितलेलं आहे.

लग्नानंतर आठ महिन्यांनी तीच मावशी तिला बॅगेसकट दारात सोडून गेली. "शांत आहे म्हणे ना तुम्ही," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आमच्याकडे शांतच होती."

त्यानंतर आम्ही कामठीचं घर विकून इकडे शहरातल्या बेसा भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो. तिला शहरात काम मिळेल हे एक कारण. दुसरं कारण, गल्लीला आमच्या घरातलं सगळं पाठ झालं होतं आणि इथं कोणी ओळखीचं नव्हतं. तिनं नऊ-दहा वर्षांत सहा नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. प्रत्येक ठिकाणी आधी मालकीण देवी असायची, मग काही महिन्यांत राक्षसीण व्हायची. शेवटची नोकरी मनीषनगरला एका दाताच्या दवाखान्यात, पेशंटची नावं लिहून घ्यायची. तिथल्या डॉक्टरीणबाई समजूतदार निघाल्या. त्यांनी तिला काढून टाकलं नाही, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

ते डॉक्टर तिच्याशी चार-पाच वेळा बोलले आणि मग आम्हा दोघांना बोलावून म्हणाले, याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. मला राग आला. ताप येतो, साखर वाढते, ते रोग. स्वभावालाच रोग म्हणायला लागले तर आमच्या खानदानात निरोगी कोणी निघणार नाही. पण मुलीच्या तोंडाकडे पाहिलं तर ती रडत होती आणि हसतही होती. घरी येताना ऑटोत तिनं माझा हात धरला. "आई, याले नाव आहे वं," ती म्हणाली. "मी एकटीच अशी नाही."

मी म्हटलं, "तुले काही नाही झालं." तिनं हात काढून घेतला.

त्या डॉक्टरांच्या विभागात याच विकारावर संशोधन चालू होतं. ज्यांना त्यात घेणार त्यांना वर्षभर, दर आठवड्याला एका गटात शिकवणार होते. राग आला, जीव नको झाला, तर त्या घटकेला काय करायचं, ते शिकवणार. जागा थोड्या होत्या. मुलीनं आपले कागद भरले. तिनं त्यात सगळं खरं लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. दंडावरच्या रेघासुद्धा. आता घरच्या एका माणसाकडून माहिती हवी होती, म्हणजे दोन्ही ताडून पाहता येईल. त्यासाठी संशोधन करणारी एक मुलगी आमच्या घरी येणार होती.

"बाबांले विचारू दे ना तिले," माझी मुलगी म्हणाली.

"तुझे बाबा काय सांगतील? मी सांगते."

त्या दिवशी मी मुलीला कामावर पाठवून दिलं. तिच्या बाबांना म्हटलं, "तुम्ही बसा, पण तोंड उघडू नका." ते हो म्हणाले. ते आयुष्यभर माझ्यापुढे असेच हो म्हणत आले. मी चांगली साडी नेसले, पोहे केले, पलंगावर धुतलेली चादर घातली. हे सगळं हातानं आपोआप केलं.

ती मुलगी तिशीच्या आतली, चष्मा लावलेली, नम्र. मला काकू म्हणाली. पोहे तिला आवडले. मग तिनं फाईल उघडली आणि सांगितलं की प्रत्येक प्रश्नाला तीनच उत्तरं आहेत, नेहमी, कधी कधी आणि कधीच नाही.

"जवळचं माणूस सोडून जाईल या भीतीनं ती काही टोकाचं करते का?"

"कधीच नाही."

"राग आवरत नाही, वस्तू फेकते, असं होतं?"

"कधीच नाही."

"आतून रिकामं वाटतं, असं ती कधी बोलते?"

"नाही वं बाई. खाऊन-पिऊन सुखी आहे. स्वयंपाक येतो, शिवण येते, पुरणपोळी तर एक नंबर करते."

ती हसली. "काकू, हे मी विचारलंच नाही अजून."

"लिहून ठेव ना तरी."

तिनं पेन खाली ठेवला आणि म्हणाली, "काकू, इथं चांगलं-वाईट असं काही नसतं. जे आहे ते सांगितलं तर तिचाच फायदा आहे. काका, तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

तिच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "हिनं सांगितलं तेच."

तिनं अजून वीस-बावीस प्रश्न विचारले असतील. मी सगळ्यांना 'कधीच नाही' म्हटलं. जाताना तिनं विचारलं, "नक्की ना काकू?" मी तिला डब्यात पोहे बांधून दिले. तिच्यामागे दार लावताना मला वाटलं, छान पार पडलं. मी मुलीला वाचवून घेतलं असं मला वाटत होतं. कशापासून ते विचाराल तर आता सांगता येणार नाही.

महिन्याभरानं विभागातून मुलीला फोन आला. फोनवरच्या माणसानं सांगितलं की या वेळच्या गटात नाव नाही, कारण घरच्या माहितीत त्रासाचं काहीच दिसत नाही. पुन्हा तपासणी करू, तोपर्यंत डॉक्टरांना भेटत राहा.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही, म्हणून मला तेव्हा काही वेगळं वाटलं नाही.

"तू काय सांगितलं त्यायले?"

"चांगलंच सांगितलं."

"म्हणजे मी खोटी."

"तुले खोटी कोण म्हणते?"

"त्यायच्या कागदावर आहे ना आता. मी म्हणते तरास आहे, माझी माय म्हणते काही नाही. माय खोटं बोलत नसते." ती जराशी हसली. "एक जागा होती आई, जिथं माझ्यावर विश्वास ठेवला होता."

मी काय म्हटलं असेल ते वाचणाऱ्याला आता ठाऊक आहे.

हे मंगळवारी झालं. गुरुवारी दुपारी तिनं आतून कडी लावली.

पाच दिवस ती अतिदक्षता विभागात होती. चौथ्या दिवशी ती संशोधनवाली मुलगी वार्डाबाहेर येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते. मी तिला म्हटलं, "तो कागद फाड. दुसरा आण."

"काकू, आत्ता नको. आधी तिला बरं होऊ द्या."

"ती बरी नाही झाली तर? मग तुमच्याकडे कायमचं तेच राहील, 'कधीच नाही'."

ती माझ्याजवळ बाकावर बसून राहिली.

पाचव्या दिवशी मुलीनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहून मान फिरवली आणि बाबांचा हात मागितला. ते मला लागलं, पण तिचं चुकलं असं म्हणणार नाही.

ती घरी आल्यावर मी एकटी बसनं संशोधनाच्या विभागात गेले आणि सगळे प्रश्न पुन्हा विचारायला लावले. दोन बैठका लागल्या. बसस्टँड सांगितलं, कुर्ते सांगितले, मावशी सांगितली, पाऊण तास सांगितला. ती संशोधनवाली मुलगी लिहीत होती. दुसऱ्या बैठकीला मी तिच्या बाबांना मुद्दाम घेऊन गेले आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा. ते मग म्हणाले, "आता काय सांगू? मले तवाच सांगायचं होतं."

त्यानंतर ते घरातही कमीच बोलायला लागले.

त्या मुलीला मी विचारलं की तुमच्या संशोधनात काय निघतं, हे कशानं होतं. मला वाटलं होतं ती मोठमोठे शब्द काढेल. ती म्हणाली, "काकू, काही मुलं जन्मतःच जास्त हळवी असतात. भाजलेल्या कातडीला नुसता वारा लागला तरी आग होते, तसं. त्यात त्यांना घरी पुन्हा पुन्हा सांगितलं की तुला काही झालेलं नाही, तर त्यांचा स्वतःच्या दुखण्यावरचाच विश्वास उडतो. मग दुसऱ्याला दिसावं म्हणून ती आपलं दुखणं आणखी मोठ्यानं दाखवतात."

"म्हणजे मी केलं."

"एकट्या आईमुळे होतं असं पूर्वी काही लोक म्हणायचे. आता तसं मानत नाहीत. तुमच्या गल्लीतल्या बाकीच्या मुलांनाही तेच ऐकवलं होतं ना? त्यांना नाही झालं."

"पण मी माझ्याच मुलीला ऐकवलं," मी म्हटलं. त्यावर तिनं वाद घातला नाही. मला ती त्यासाठी आवडली.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. पूर्वी डॉक्टर म्हणायचे की हा स्वभाव मरेपर्यंत बदलत नाही. मग काही लोकांनी अशाच माणसांना वर्षानुवर्षं भेटून तेच तेच प्रश्न विचारले, तेव्हा दिसलं की त्यातली पुष्कळ माणसं हळूहळू निवतात. नीट मदत मिळाली तर लवकर. मी मनात म्हटलं, जगलेली निवतात. जी मेली त्यांना पुढच्या वर्षी कोण विचारणार.

पुढच्या गटात मुलीला जागा मिळाली. घरच्यांसाठी महिन्यातून एक वर्ग असायचा. त्यात आम्हा आयांना एक वाक्य शिकवलं, तुला त्रास होतोय हे मला दिसतंय. एवढंच म्हणायचं, पुढे काही उपदेश करायचा नाही. मला ते नाटकासारखं वाटायचं. तरी भांडी घासताना म्हणून पाहायचे. एका सकाळी तिनं कप आपटला तेव्हा मी म्हटलं, "तुले तरास होऊन राहिला, मले दिसते."

ती माझ्याकडे वळली. "हे कोणी शिकवलं तुले?"

"वर्गात."

"पोपट झाली तू," ती म्हणाली. मग कपाचे तुकडे स्वतः गोळा केले. तिचे बाबा पेपरामागे हसले. त्या दिवसांत ते मला हसलेले एवढेच आठवतात.

दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर आठ महिन्यांनी ते सकाळी अंघोळीला गेले आणि बाहेर आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय जुनंच खराब होतं. वरवंट्याच्या घावांनी ते आणखी बिघडलं का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नसतं. मला भीती मुलीची होती. माणूस सोडून गेलं की ती काय करते ते मला माहीत होतं, आणि तिला धरून ठेवणारं माणूस तेच होतं. मी घरातल्या सगळ्या गोळ्या शेजारणीकडे ठेवून आले. बाबांना नेल्यावर मुलगी तीन दिवस ओरडून रडली. भिंतीवर हात आपटले. मला म्हणाली की तुझ्यामुळे गेले. मी नाही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी तिनं स्वतः गटात शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला, माझ्यासमोर, आणि म्हणाली, "मला आत्ता मरावंसं वाटून राहिलं, माझ्याशी बोला." दीड तास बोलली. मी बाजूला बसून होते. मग तिनं पाणी मागितलं.

ते गेल्याला आता दोन वर्षं झाली. ती मनीषनगरच्या त्याच दवाखान्यात आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते. मी मेल्यावर तिचं काय होईल याचा विचार मी करते आणि त्याला उत्तर नाही. मला तिनं माफ केलेलं नाही, मीही मागितलेलं नाही.

विभागातून वर्षातून एकदा फोन येतो. आधीची संशोधनवाली मुलगी शिकून दुसऱ्या शहरात गेली, आता नवीन कोणी आहे. परवा तिनं पहिल्या वेळचा कागद पाहून आधी घराची माहिती विचारली.

"कागदावर तीन माणसं आहेत काकू. तेवढीच ना?"

"नाही," मी म्हटलं. "वडील वारले. मुलगी आहे, मी आहे."